पहिला मान कोणत्या डिस्कचा?

१२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम पीसीला चुकीच्या ड्राइव्हवरून सुरू होण्याची फारशी सोयच नव्हती. बोर्डावरच्या रॉम चिपमधला बायॉस आधी फ्लॉपी ड्राइव्हकडे पाही, फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमधले ५१२ बाइट मेमरीत चढवी आणि पुढचा कारभार त्या कोडच्या हाती सोपवी. फ्लॉपी नसली तर रॉममध्येच भरलेली बेसिक भाषा पडद्यावर येई. वाटा दोनच होत्या आणि त्यांचा क्रम चिपमध्येच पक्का केलेला होता.

मार्च १९८३ मध्ये पीसी/एक्सटी हे मॉडेल १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आले. क्रम ठरला तो आधी फ्लॉपी, मग हार्ड डिस्क. त्या काळी तो शहाणपणाचाच होता, कारण हार्ड डिस्क बिघडली तर फ्लॉपीवाचून यंत्रात शिरायला वाट नव्हती. याच वेळी पीसी डॉस २.० ने मास्टर बूट रेकॉर्ड आणला. डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये चार पार्टिशनांची नोंद असे आणि त्यांतल्या एकावर ‘अॅक्टिव्ह’ अशी खूण. म्हणजे कोणती डिस्क हे बायॉसने ठरवायचे आणि त्या डिस्कवरचे कोणते पार्टिशन हे डिस्कवरच्या तक्त्याने. बूटच्या पुढच्या बहुतेक भानगडींचे मूळ या दुहेरी कारभारात आहे.

फ्लॉपीला दिलेला पहिला मान लवकरच महागात पडला. ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असा संदेश दाखवी; ती काढून एखादी कळ दाबली की काम भागे. पण बूट सेक्टरमध्ये बसणाऱ्या व्हायरसांना हीच वाट सापडली. १९८६ मध्ये लाहोरहून निघालेला ‘ब्रेन’ फ्लॉप्यांपुरताच होता. नंतरचे ‘स्टोन्ड’सारखे व्हायरस हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर जाऊन बसले. १९९० मध्ये भारतात आढळलेला ‘जोशी’ त्याच जातीचा. ५ जानेवारीला तो यंत्र अडवून ठेवी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. आडनाव ओळखीचे असल्याने मराठी वाचकाला यात गंमत वाटेल, पण रीत गंभीर होती. बाधित फ्लॉपीवर डॉस नसले तरी तिचा बूट सेक्टर आधी चाले. ‘नॉन-सिस्टिम’चा संदेश दिसेपर्यंत हार्ड डिस्कला लागण होऊन गेलेली असे.

उपाय सोपा होता: क्रम उलटा करून हार्ड डिस्क पुढे आणायची. त्यासाठी क्रम बदलता यायला हवा आणि तो लक्षात राहायला हवा. १९८४ च्या पीसी/एटीमध्ये घड्याळाच्या चिपसोबत बॅटरीवर टिकणारी सीमॉस मेमरी आलीच होती. पुढे बायॉसच्या सेटअपमध्ये ‘बूट सिक्वेन्स’चा पर्याय आला आणि त्याची नोंद सीमॉसमध्ये होऊ लागली. सीमॉसचा सेल संपला की तारीख मागे जाते आणि बूटचा क्रमही कारखान्यातून आला तसा होतो. म्हणून ‘काल चालत होता, आज भलत्याच डिस्कवरून सुरू होतो’ अशा जुन्या यंत्राचे आधी घड्याळ पाहावे.

१९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांच्या ‘एल टोरिटो’ मानकाने सीडीवरून बूट होणे शक्य केले, तर १९९६ च्या बायॉस बूट स्पेसिफिकेशनने साधनांची यादी वापरणाऱ्याच्या हाती दिली. यादी मोकळी झाली तशी गुंतागुंत वाढली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या पीसीत एकाच आयडीई केबलवर दोन डिस्क असत आणि मास्टर कोण, स्लेव्ह कोण हे जंपरने ठरे. अनेक बायॉसांत तर याद्याच दोन होत्या: एक साधनांच्या प्रकारांची, दुसरी हार्ड डिस्कांच्या आपसातल्या क्रमाची. पहिल्या यादीत हार्ड डिस्क अग्रभागी ठेवूनही दुसरीत जुनीच डिस्क वर राहिली, की यंत्र तिच्याकडे जाई. लावून ठेवलेला पेन ड्राइव्हही कित्येकदा हार्ड डिस्क म्हणून मोजला जाई.

विंडोजने आणखी एक गाठ मारली. बूटच्या फायली सहसा बायॉसच्या दृष्टीने पहिल्या असलेल्या डिस्कवर जात, मग विंडोज दुसरीवर का असेना. जुनी डिस्क काढली की नवे विंडोज शाबूत असूनही सुरू होत नसे. नवी प्रणाली घालताना बाकीच्या डिस्कांच्या केबल काढून ठेवण्याची दुरुस्तीवाल्यांची सवय उगाच पडलेली नाही. विंडोज ७ आणि नंतरच्या आवृत्त्यांत हरवलेल्या बूटच्या फायली ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने पुन्हा घालता येतात.

बायॉसऐवजी इंटेलने इटेनियम प्रोसेसरसाठी आखलेली ईएफआय पद्धत २००५ पासून यूईएफआय फोरमकडे गेली आणि २०१२ च्या विंडोज ८ सोबत घराघरांत पोहोचली. इथे यादीत नुसती डिस्क नसते, तर तिच्यावरच्या ईएफआय सिस्टिम पार्टिशनमधली नेमकी फाइल असते आणि नोंद बोर्डावरच्या कायमस्वरूपी मेमरीत राहते. ती पार्टिशनच्या खास ओळख-क्रमांकावर बांधलेली असल्याने कारभार बराच सुटसुटीत झाला. अपवाद क्लोनिंगचा. हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर केली की ओळख-क्रमांकही जसाच्या तसा येतो आणि दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील तर यंत्र जुनीच उचलू शकते. प्रत झाल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी, पहिले बूट एकट्या एसएसडीवरून करावे, सेटअपमध्ये तिची नोंद वर आहे ना ते पाहावे आणि सगळे नीट चालल्याची खात्री झाल्यावरच जुनी डिस्क पुसून परत जोडावी.

मास्टर बूट रेकॉर्डवर सुरू होणारी जुनी डिस्क मात्र निव्वळ यूईएफआयवर चालणाऱ्या यंत्राच्या बूट यादीत येतच नाही, मग क्रम कितीही बदलला तरी उपयोग नसतो. विंडोज १० मध्ये २०१७ साली आलेल्या ‘एमबीआरटूजीपीटी’ या साधनाने अशी डिस्क माहिती न पुसता जीपीटी या यूईएफआयला चालणाऱ्या पार्टिशन पद्धतीत बदलता येते. बॅकअप तरीही आधी घ्यावा.