तिकीट नसलेला किनारा : पेम्ब्रुकशायरच्या २९९ किलोमीटर पायवाटेचा इतिहास

१/१८
वेल्सच्या नैऋत्य टोकाला, आयरिश समुद्रात घुसलेल्या भूभागावर ‘पेम्ब्रुकशायर कोस्ट नॅशनल पार्क’ आहे. १९५२ साली स्थापन झालेले हे उद्यान मुख्यतः किनाऱ्यासाठी राखलेले ब्रिटनमधील एकमेव राष्ट्रीय उद्यान होय. त्याला प्रवेशद्वार नाही, तिकीटखिडकीही नाही. साडेपाच हजार वर्षांपूर्वीची दफनशिळा, बाराव्या शतकातील कॅथेड्रल, कड्यावरची पायवाट, खाली पहुडलेले सील, हे सारे पाहण्यास एक पेनीही लागत नाही. हे विनामूल्य कसे झाले, हा आजच्या थ्रेडचा विषय.

२/१८
वसाहतकालीन वनकायदे वाचत असताना मी या विषयाकडे वळलो. आपल्याकडे ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हटले की सरकारी जंगल, चौकी आणि परवाना डोळ्यांसमोर येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची घडणच तशी आहे. ब्रिटनमध्ये चित्र निराळे दिसते. पेम्ब्रुकशायर उद्यानाचे क्षेत्र सुमारे ६२९ चौरस किलोमीटर. त्यातली बहुतेक जमीन खाजगी मालकीची, आणि आत गावे, शेते, मेंढवाडे नांदते आहेत. मग दुसऱ्याच्या जमिनीवरून कोणीही मोकळेपणाने चालत जातो, तो कोणत्या अधिकाराने?

३/१८
त्याचे उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी वहिवाटीची. पिढ्यान्‌पिढ्या लोक ज्या वाटेने गेले, ती वाट मालकाला बंद करता येत नाही, हे तत्त्व इंग्लंड-वेल्सच्या कायद्यात जुने आहे. परंतु वहिवाट सिद्ध करण्याचा भार बहुधा चालणाऱ्यावर पडे. एकोणिसाव्या शतकात कुंपणे वाढली. मोकळे माळ आणि डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव झाले, आणि गिरण्यांच्या धुरात आठवडा काढणाऱ्या कामगाराला रविवारी पाय मोकळे करण्यास जागा उरेना.

४/१८
२४ एप्रिल १९३२. वेल्सपासून दूर, डर्बीशायरमधील किंडर स्काउट या पठारावर काहीशे तरुण कामगार बंदी झुगारून चढले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. शिकारीच्या रक्षकांशी झटापट झाली, सहा जणांना अटक झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. गंमत अशी की, नुसते दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे हा फौजदारी गुन्हा नव्हता. शिक्षा झाल्या त्या दंगा व मारहाणीच्या कलमांखाली. निकालाने लोकमत मात्र ढवळून निघाले.

५/१८
येथे एक नोंद आवश्यक वाटते. याच साम्राज्याच्या राज्यात, दीडच वर्ष आधी, २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळील चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला. तेथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि सत्याग्रही मारले गेले. महात्मा फुल्यांनी तर १८८३ मध्येच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये चराईच्या रानांवर जंगलखात्याने बसवलेल्या निर्बंधांवर कोरडे ओढले होते. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : रान कोणाचे? एकीकडे त्याची शिक्षा तुरुंग ठरली, दुसरीकडे बंदुकीची गोळी. हा फरक नजरेआड करू नये.

६/१८
दुसरी पायरी संसदेची. महायुद्धानंतर ॲटली यांच्या मजूर सरकारने मंत्री लुईस सिल्किन यांच्या पुढाकाराने १९४९ साली राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रवेशाचा कायदा केला. त्याने राष्ट्रीय उद्यानांची सोय केलीच. शिवाय प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतील सार्वजनिक पायवाटा अधिकृत नकाशावर नोंदवाव्यात असे बंधन घातले. नकाशावर उमटलेली वाट आता कोणा एकाच्या आठवणीवर अवलंबून उरली नाही. लांब पल्ल्याच्या वाटा आखण्याची तरतूदही याच कायद्यातली.

७/१८
पेम्ब्रुकशायरची वाट आखण्याचे काम रोनाल्ड लॉकली या निसर्ग-अभ्यासकाकडे आले. स्कोकहोम बेटावर वर्षानुवर्षे राहून पक्ष्यांचा अभ्यास केलेला हा माणूस. त्याच बेटावर १९३३ साली त्याने ब्रिटनमधील पहिली पक्षीवेधशाळा उभारली. त्याची पाहणी १९५३ मध्ये पूर्ण झाली, आणि वाट खुली झाली १६ मे १९७० रोजी. मधली सतरा वर्षे गेली ती शेताशेतांच्या मालकांशी बोलणी करण्यात, पूल बांधण्यात आणि कुंपण ओलांडण्याच्या पायऱ्या रोवण्यात.

८/१८
ही वाट उत्तरेला सेंट डॉगमेल्स येथे सुरू होऊन दक्षिणेला ॲम्रथ येथे संपते. लांबी १८६ मैल, म्हणजे सुमारे २९९ किलोमीटर. सगळे चढ-उतार जमेस धरले तर ३५,००० फूट भरतात, एव्हरेस्टच्या उंचीहून अधिक. अर्थात सारी वाट एका दमात चालण्याची सक्ती नाही. बहुतेक जण दोन-चार मैलांचा तुकडा निवडतात. आपणही उत्तरेकडून दक्षिणेकडे, निवडक मुक्काम करीत जाऊ.

९/१८
पहिला मुक्काम वाटेपासून थोडा आत आहे : पेन्त्रे इवान. इसवी सनापूर्वी सुमारे ३५०० मधील ही नवाश्मयुगीन दफनवास्तू. पाच मीटर लांब आणि अंदाजे सोळा टन वजनाची शिळा उभ्या दगडांच्या टोकांवर इतकी अलगद टेकली आहे की ती तरंगत असल्याचा भास होतो. ब्रिटनमधील प्राचीन स्मारकांना संरक्षण देणारा पहिला कायदा १८८२ चा. त्याखाली सर्वांत आधी संरक्षण मिळालेल्या स्मारकांत हिची गणना होते. कुंपणाच्या छोट्या फाटकातून आत जावे, हवा तितका वेळ थांबावे.

१०/१८
मागे दिसतात त्या प्रेसेली टेकड्या. स्टोनहेंजमधील ‘निळे दगड’ मूळचे येथले, हे भूशास्त्रज्ञ हर्बर्ट हेन्री टॉमस यांनी १९२३ साली दगडांच्या घडणीवरून दाखवून दिले. दोन ते चार टनांच्या शिळा सुमारे २२५ किलोमीटर दूर गेल्या. आज स्टोनहेंजला तिकीट काढून दोराबाहेरून दगड पाहावे लागतात. प्रेसेलीवर मात्र त्याच जातीच्या खडकाला टेकून शिदोरी सोडता येते.

११/१८
या टेकड्या हातच्या जाणार होत्या. १९४६ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने प्रेसेलीचा विस्तीर्ण प्रदेश लष्करी सरावासाठी कायमचा ताब्यात घेण्याचा बेत आखला. शेतकरी, शिक्षक आणि चॅपेलांचे धर्मोपदेशक एकत्र आले. सभा झाल्या, निवेदने गेली. वाल्डो विल्यम्स या कवीने त्याच वर्षी ‘प्रेसेली’ ही वेल्श कविता लिहिली. १९४८ पर्यंत सरकारने माघार घेतली. आज तेथे चालणाऱ्याला या लढ्याचा मागमूसही दिसत नाही, कारण लढा जिंकल्यामुळे टेकड्या जशा होत्या तशाच राहिल्या.

१२/१८
पुढे कॅरेगवास्टाडचा खडकाळ किनारा. २२ फेब्रुवारी १७९७ रोजी सुमारे १,४०० फ्रेंच सैनिक येथे उतरले. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरील हे अखेरचे परकीय आक्रमण. दोनच दिवसांत, २४ तारखेला, गुडविकच्या वाळूवर त्यांनी शस्त्रे ठेवली. जेमायमा निकोलस या स्त्रीने गवत उपसण्याचा काटा घेऊन बारा सैनिक पकडले, अशी आख्यायिका आहे. आक्रमण फसले, पण त्याच्या धास्तीने आधीच ताणलेल्या बँक ऑफ इंग्लंडवर लोकांची झुंबड उडाली आणि नोटांच्या बदल्यात सोने देणे बंद करावे लागले. द्विशताब्दीला स्थानिक स्त्रियांनी भरतकाम केलेला सुमारे ३० मीटर लांबीचा चित्रपट फिशगार्डच्या नगरभवनात विनामूल्य पाहता येतो.

१३/१८
तेथून पश्चिमेला स्ट्रंबल हेडचे दीपगृह. कड्याच्या काठावर बसून पाण्यात उसळणारे पॉर्पॉइज शोधणे, हा येथला आवडता उद्योग; दुर्बीण आणि धीर पुरेसा आहे. उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत कड्यांखालच्या चिंचोळ्या पुळणींवर राखाडी सील विणीसाठी येतात. पांढऱ्या लोकरीची पिल्ले वरून स्पष्ट दिसतात. खाली उतरू नये, आवाज करू नये : बिथरलेली मादी पिल्लू टाकून जाण्याची भीती असते.

१४/१८
सेंट डेव्हिड्स हे ब्रिटनमधील लोकसंख्येने सर्वांत लहान शहर. वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. कॅथेड्रल मात्र भव्य, ११८१ साली बांधावयास घेतलेले, आणि खोलगट जागी असल्याने समोर येईपर्यंत जवळजवळ अदृश्य. बाराव्या शतकात पोपने येथल्या दोन यात्रांचे पुण्य रोमच्या एका यात्रेइतके ठरवले. आत जाण्यास शुल्क नाही, दानपेटी ऐच्छिक आहे. सातव्या हेन्रीचा पिता एडमंड ट्यूडर याची कबर येथेच. शेजारच्या बिशपच्या वाड्याला मात्र तिकीट पडते.

१५/१८
दक्षिणेकडे वळताच मिलफर्ड हेवनची खोल खाडी आणि तेलाच्या टाक्या समोर येतात. १९६०मध्ये पहिला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. लॉकलीने अशा कारखान्यांना कडाडून विरोध केला होता. त्याने आखलेली वाट १९७० मध्ये खुली झाली आणि त्याच सुमारास तो ब्रिटन सोडून न्यूझीलंडला गेला. पुढे फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘सी एम्प्रेस’ हे जहाज खाडीच्या तोंडाशी खडकावर चढले. सुमारे ७२,००० टन कच्चे तेल सांडले, किनारा काळवंडला आणि हजारो समुद्रपक्षी मेले. वहिवाटीचा हक्क नकाशावर शाबूत होता. चालण्याजोगा किनाराच काही काळ उरला नव्हता.

१६/१८
त्यापुढे कॅसलमार्टिन. प्रेसेली वाचली, येथली शेते मात्र १९३८-३९ मध्येच रणगाड्यांच्या सरावासाठी गेली. उद्यान झाले तरी सराव थांबला नाही. आजही लाल निशाण फडकत असले की वाट बंद. निशाण उतरले की कड्याच्या कपारीतील सेंट गोवनच्या इवल्याशा दगडी चॅपेलापर्यंत पायऱ्यांनी उतरता येते. उतरताना आणि चढताना पायऱ्यांची मोजणी कधीच जुळत नाही, अशी लोकसमजूत आहे. लागूनच स्टॅकपोल, केवडॉर घराण्याची जुनी जहागीर. १७९७ मध्ये फ्रेंचांची शरणागती घेणारा लॉर्ड केवडॉर याच घराण्यातला. त्यांचा प्रासाद १९६३ मध्ये पाडला गेला. १९७६ पासून जहागीर नॅशनल ट्रस्टकडे आहे, आणि जमीनदाराच्या शोभेसाठी बांध घालून केलेल्या बॉशरस्टनच्या कमळतळ्यांकाठी आता कोणीही फिरतो. गाडी लावण्याचे पैसे मात्र लागतात. ‘विनामूल्य’ शब्दाला एवढी तळटीप जोडलेली बरी.

१७/१८
शेवट ॲम्रथला. मोठ्या ओहोटीच्या वेळी येथल्या वाळूतून हजारो वर्षांपूर्वी समुद्राने गिळलेल्या अरण्याचे बुंधे वर येतात. अशीच खोडे वादळानंतर न्यूगेलच्या किनाऱ्यावर उघडी पडल्याचे वर्णन जेराल्ड ऑफ वेल्स या लेखकाने बाराव्या शतकात केले आहे. हे पाहण्यास तिकीट लागत नाही, भरती-ओहोटीचे वेळापत्रक लागते. २०१२ साली हीच वाट सुमारे १,४०० किलोमीटरच्या ‘वेल्स कोस्ट पाथ’ला जोडली गेली, आणि एका देशाची जवळजवळ संपूर्ण किनारपट्टी पायी चालण्यास खुली झाली.

१८/१८
या किनाऱ्यावर प्रवासी काहीच मोजत नाही, कारण त्याच्यासाठी इतरांनी आधी मोजले आहे : कोणी तुरुंगात, कोणी सभांमध्ये, कोणी बांधाबांधावर बोलणी करीत. आणि जेथे कोणी वेळेवर उभे राहू शकले नाही, तेथे लाल निशाण अजून आहे. वाचकांस एक विनंती. आपल्या गावचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतो. त्यात तुटक रेषेने दाखवलेली एखादी पायवाट शोधा आणि ती आज जमिनीवर शिल्लक आहे का, हे एकदा चालून पाहा. जे आढळेल ते येथे जरूर लिहा. थ्रेड समाप्त.