टोक्यांची बखर

पावसाळ्यांत गव्हाचा डबा उघडावा आणि परातीच्या कांठाकडे टोक्यांची एकच धांदल उडावी, हा अनुभव कोणत्या घराला नाहीं? त्यांना उन्हांत घालवण्यापूर्वीं त्यांची वंशावळ थोडी पाहूं. ती पुष्कळ राजघराण्यांहून जुनी आहे.

आपल्या टोक्याचा एक भाऊबंद थंड मुलुखांत असतो. त्याला उडतां येत नाहीं. मादी सोंडेनें दाणा कोरते, आंत एक अंडें घालते आणि चिकट द्रवानें भोंक बुजवते. अळी आंतच वाढते. दाणा बाहेरून धडधाकट. तेव्हां हा प्राणी दूरदेशीं जातो तो माणसाच्या पाठीवरून. इ. स. ४३ मध्यें रोमन फौजा ब्रिटनवर चालून गेल्या. त्यापूर्वीं त्या बेटांत धान्यकिड्यांचा मागमूस लागत नाहीं. यॉर्क येथील रोमन कोठाराच्या तळाशीं मात्र त्यांच्या अवशेषांचा थरच सांपडला. तें कोठार मोडून, वर चिकणमाती पसरून, दुसरें बांधावें लागलें होतें. जग जिंकणारे येथें हरले म्हणावयाचे!

खलाशांचे हाल याहून वाईट. १७६९ सालीं कॅप्टन कुकच्या ‘एन्डेव्हर’ जहाजावर जोसेफ बँक्स यानें रोजनिशींत नोंदलें कीं, एकेका बिस्किटांतून शेंकडों, किंबहुना हजारों किडे झडतांना आपण पाहिले. त्यानें त्यांच्या पांच जाती ओळखल्या, आणि चव मोहरीसारखी झणझणीत असल्याचेंही लिहिलें. (ती कशी कळली, हें विचारूं नये.) केबिनमधील मंडळी बिस्किटें मंद भट्टींत ठेवीत, किडे आपणहून चालते होत. साध्या खलाशांना ही मुभा नव्हती. त्यांना ती चव फार वाईट लागत असावी, इतकें म्हणून बँक्स पुढें जातो. मला त्या रोजनिशींतील हीच ओळ अधिक सलते.

आपल्याकडे राख, कडुलिंबाचा पाला, एरंडेल हे उपाय घरोघरीं होते. पण खरी युक्ति देशावरच्या पेवाची. जमिनींत खोल खणून ज्वारी भरावयाची आणि तोंड मातीनें लिंपावयाचें. दाण्यांच्या व किड्यांच्या श्वासानें आंतील प्राणवायु संपतो, कर्बवायु सांठतो, किडे गुदमरतात. हा वायु माणूस आणि किडा असा भेद जाणत नाहीं. पेव उघडतांच उतावळेपणानें आंत उतरलेले कैक गडी तेथेंच राहिले. म्हणून जाणता शेतकरी आधीं तोंड मोकळें करी, वारा खेळूं देई, आणि मगच कमरेला दोर बांधून गड्याला खालीं सोडी.