डांबरी रस्त्यांचे सौर जरण आणि बारामती-इंदापूर परिसर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. येथे पाऊस अल्प आणि ऊन प्रखर. तरीही रस्ता खराब होण्याचे कारण म्हणून पाऊस व अवजड वाहने यांचाच उल्लेख केला जातो. सूर्यप्रकाशाने होणारे डांबराचे जरण मात्र दुर्लक्षित राहिले. या दुर्लक्षाची ऐतिहासिक कारणे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले आणि ऊसशेती वाढली. 1930च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभारले. पुढे सहकारी साखर कारखाने आले. उसाने भरलेल्या बैलगाड्यांच्या लोखंडी धावा खडीचे रस्ते उखडीत. त्यामुळे रस्त्याचा शत्रू म्हणजे चाक, ही धारणा दृढ झाली. 1927 मध्ये नेमलेल्या जयकर समितीच्या अहवालानंतर मध्यवर्ती रस्ते निधी निर्माण झाला, तर 1943च्या नागपूर योजनेने रस्त्यांचे राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम असे वर्गीकरण केले. या नियोजनाचा भर रस्त्यांच्या लांबीवर होता. डांबराच्या आयुष्याचा प्रश्न मागे राहिला.

जरणाची प्रक्रिया :
उष्णता, प्राणवायू व अतिनील किरण यांच्या संयुक्त परिणामाने डांबरातील तेलकट घटक घटतात आणि ते कठीण व ठिसूळ बनते. अतिनील किरण वरच्या अगदी पातळ थरातच शिरतात. परंतु त्या थराला भेगा पडल्या की पाणी आत जाते व नवा पृष्ठभाग उघडा पडतो. भारतीय मानकाने 2006 पासून डांबराची प्रतवारी 60 अंश सेल्सिअसच्या श्यानतेवर आधारली. तथापि त्यातील जरण चाचणी डांबर खडीत मिसळताना लागणाऱ्या उष्णतेचे अनुकरण करते, सूर्यकिरणांचे नव्हे. उणीव नेमकी येथेच आहे.

संरक्षक मिश्रके :
काजळी अतिनील किरण शोषून घेते, तर विरी गेलेला चुना ऑक्सिडीकरण मंदावतो. बहुवारिकाने डांबराची लवचीकता वाढते. मात्र काही बहुवारिके स्वतःच उन्हाने विघटित होतात. म्हणून एकच मिश्रक सर्वत्र पुरेसे ठरत नाही. वनस्पतींतील लिग्निनमध्ये फेनॉल गट असल्यामुळे ते ऑक्सिडीकरणरोधक ठरू शकते, असे प्रयोगशाळेतील अभ्यास सुचवितात. परंतु त्याच्या अतिरिक्त प्रमाणाने डांबर अधिक ताठर होते. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरजवळील मनसर येथे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 वर लिग्निनयुक्त जैवडांबराचा सुमारे एक किलोमीटरचा पट्टा खुला झाला. त्यात पुण्याची प्राज इंडस्ट्रीज व केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांचा सहभाग होता.

निष्कर्ष :
उसाच्या चिपाडातही लिग्निन असते आणि हे चिपाड कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाळले जाते. ज्या उसाने येथील रस्त्यांवर भार टाकला, त्याच उसातून त्यांच्या रक्षणाचे साधन मिळू शकेल. मात्र चिपाड हे कारखान्याचे इंधनही आहे. त्यामुळे खर्चाचा हिशोब टाळता येणार नाही. मनसरचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू करण्याऐवजी या दोन तालुक्यांतील ग्रामीण रस्त्यांवर छोटे प्रायोगिक पट्टे घालून अनेक उन्हाळे त्यांचे निरीक्षण करणे अगत्याचे आहे. अन्यथा दर काही वर्षांनी तोच रस्ता पुन्हा करण्याचा खर्च सार्वजनिक निधीवरच पडत राहील.