विद्यापीठ परिसर आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य (महाराष्ट्र)

जहाल किंवा अप्रिय मत मांडणाऱ्या विद्यार्थ्याला, शिक्षकाला वा पुस्तकाला शिक्षणसंस्था कोणता निकष लावते, याविषयीचा जुना वाद. संविधानाचा अनुच्छेद १९(१)(क) भाषणस्वातंत्र्य देतो आणि १९(२) त्यावर वाजवी निर्बंध घालू देतो. प्रत्यक्षात मात्र मत किती टोकाचे आहे यापेक्षा तक्रार कोणाची आहे, यावरच निर्णय फिरताना दिसतो.

पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. १९०५च्या दसऱ्याच्या सुमारास विदेशी कापडाची होळी केल्याबद्दल प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांनी वि. दा. सावरकरांना १० रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. परांजपे स्वतः उदारमतवादी आणि बुद्धिवादी, तरीही त्यांनी हे केले. टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर टीका केली. सावरकरांची वसतिगृहातील खोली आज स्मारक म्हणून जपली जाते. याच महाविद्यालयात मार्च २०१६मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील (जेएनयू) घोषणांच्या प्रकरणावरील अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यक्रमाच्या वेळी विद्यार्थ्यांचे दोन गट समोरासमोर आले. घोषणा दोन्हीकडून झाल्या. पोलिसांना गेलेल्या प्राचार्यांच्या पत्रात मात्र देशविरोधी घोषणांचा आरोप होता, म्हणजे बोट एकाच, परिषदेला विरोध करणाऱ्या गटाकडे होते. दुसऱ्याच दिवशी मजकुरात चूक झाल्याचा खुलासा करण्यात आला. तोवर त्या मुलांवर शिक्का बसला होता.

सप्टेंबर २०१०मध्ये मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ (१९९१) ही कादंबरी अभ्यासक्रमातून काढली. शिवसेना आणि मराठी माणसांविषयीच्या मजकुराला आदित्य ठाकरे यांनी आक्षेप घेतला होता. ते तेव्हा सेंट झेवियर्सचे विद्यार्थी होते. आक्षेप घेणे हा त्यांचा हक्कच होता. चूक कुलगुरू राजन वेळूकर यांची, कारण पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्यावर त्यांनी आपला विशेषाधिकार वापरून, शिक्षकांशी खुली चर्चा न करता कादंबरी वगळली. विद्यापीठाचे क्षेत्र सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले असल्याने असा निर्णय मुंबईपुरता राहत नाही. रायगड जिल्ह्यातील वडखळच्या मुलामुलींना जवळची असलेली पेण-अलिबागची महाविद्यालयेही याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांच्या वर्गात काय वाचायचे, हे मुंबईच्या दबावाने ठरले.

फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतील नटांच्या पडद्यामागच्या आयुष्यावरील विद्यार्थ्यांचे नाटक अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी बंद पाडले. अटक झाली ती केंद्राचे प्रमुख प्रवीण भोळे आणि पाच विद्यार्थ्यांना, धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपाखाली. दुसऱ्या दिवशी केंद्राची तोडफोड झाली. नाटक आवडले नाही तर उठून जाण्याचा, निषेध करण्याचा, त्यावर लिहिण्याचा मार्ग सर्वांना खुला होता.

बलवंत सिंग खटल्यात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने केवळ घोषणा देणे हा राजद्रोह ठरवला नाही. हा निकष उजव्या, डाव्या, धार्मिक अशा प्रत्येक जहाल मताला सारखा लावता येतो. संस्थांना तो लावण्याचे धैर्य कमी पडते. याला एक कारण राज्यातील विद्यार्थी निवडणुकांचे आहे: १९९०च्या दशकात त्या बंद झाल्या, २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने पुन्हा तरतूद केली, तरी त्या लांबतच राहिल्या. त्यामुळे बाहेरच्या संघटनेने प्राचार्यांच्या दालनात धडक मारली, की विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलायला निवडून आलेला प्रतिनिधी तिथे नसतो.