जर्मनी-पोलंड युद्ध टळलं असतं का? ‘जर-तर’ तपासायचं कसं

इतिहासात ‘जर-तर’ला अर्थ नसतो, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. एम.एस्सी. करताना मलाही ते पटायचं. प्रयोगशाळेत निदान कंट्रोल ठेवता येतो, १९३९ साल पुन्हा कुठून आणणार? पण ‘अमुक कारणामुळे तमुक झालं’ असं म्हणताच आपण गुपचूप एक जर-तर मान्य केलेलं असतं, की ते कारण नसतं तर तसं झालं नसतं. मॅक्स वेबरने १९०६ मध्येच हे मांडलंय. मग ते उघडपणे मांडून तपासावं, हे बरं.

उदाहरण घेऊ: जर्मनीने पोलंडशी युद्ध टाळलं असतं तर? वरवर बघता हे अगदी शक्य वाटतं. २६ जानेवारी १९३४ ला दोघांनी दहा वर्षांसाठी अनाक्रमणाचा करार केला होता. म्युनिकनंतर चेकोस्लोव्हाकिया कोंडीत सापडला, तेव्हा पोलंडनेही टेशेनचा भाग पदरात पाडून घेतला. २४ ऑक्टोबर १९३८ ला रिबेनट्रॉपने पोलिश राजदूत लिप्स्कीसमोर प्रस्ताव ठेवला: डान्झिग जर्मनीला द्या, कॉरिडॉरमधून आमच्या हक्काचा रस्ता आणि रेल्वे जाऊ द्या, कॉमिन्टर्नविरोधी करारात या, बदल्यात अनाक्रमणाचा करार २५ वर्षं वाढवू. डान्झिग हे राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचं मुक्त शहर, वस्ती बहुतांश जर्मन. म्हणजे कागदावर पोलंडला स्वतःची फारशी जमीन सोडायची नव्हती.

मग ‘हो’ का म्हटलं नाही? इथे माझीच एक फजिती सांगतो. एका सेमिनारमध्ये मी ठोकून दिलं, की हिटलरने प्राग घेतलं ते बघून परराष्ट्रमंत्री बेक सावध झाला. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “तारखा?” प्राग १५ मार्च १९३९ चं. लिप्स्कीने बेकचा नकार रिबेनट्रॉपला कळवला तो १९ नोव्हेंबर १९३८ ला, जवळजवळ चार महिने आधी! खरं कारण जुनं होतं. बर्लिन आणि मॉस्को यांच्यापासून सारखं अंतर ठेवायचं, हा पोलंडच्या धोरणाचा कणाच होता. सोव्हिएत संघाशीही त्यांचा १९३२ पासून अनाक्रमणाचा करार होता. ‘हो’ म्हणणं म्हणजे एका बाजूचं मांडलिक होणं. तेव्हा ‘पोलंडने ऐकलं असतं तर’ म्हणणाऱ्याला एक वाक्य बदलून भागत नाही, अख्खं परराष्ट्र धोरण बदलावं लागतं. टेटलॉक आणि बेल्किन यांनी १९९६ मध्ये जर-तरसाठी निकष सुचवले, त्यातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा हाच: खऱ्या इतिहासात कमीत कमी फेरफार करा.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त अवघड वाटते. २५ मार्च १९३९ ला हिटलरने सेनाप्रमुख ब्राउखित्शला सांगितलं होतं, की डान्झिगचा प्रश्न बळाने सोडवायचा नाही, त्याने पोलंड ब्रिटनच्या कुशीत जाईल. ३१ मार्चला ब्रिटनने पोलंडला हमी दिली आणि ३ एप्रिलला पोलंडवरच्या हल्ल्याच्या तयारीचा आदेश निघाला. नऊ दिवस! म्हणजे हमी आली नसती तर? ए. जे. पी. टेलरने १९६१ मध्ये हिटलरला योजनाकार न मानता संधिसाधू मानलं आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. संधिसाधूपणाचा मुद्दा मला अजूनही खरा वाटतो. पण २३ मे १९३९ च्या बैठकीत हिटलर सेनापतींना स्पष्ट म्हणतो, की वाद डान्झिगचा नाहीच. पूर्वेकडे जागा आणि अन्नपुरवठा हवाय. हे बोलणं हमीनंतरचं आहे, त्यावरून ऑक्टोबर १९३८ चा हेतू सिद्ध होत नाही, हे मान्य. मात्र शस्त्रसज्जतेवरचा खर्च तर आधीपासून धावत होता. ७ जानेवारी १९३९ ला राइशबँकेच्या संचालकांनी बेबंद खर्चाबद्दल इशारा दिला, तर दोन आठवड्यांच्या आत अध्यक्ष शाख्तची उचलबांगडी झाली. त्यामुळे ‘युद्ध टळलं’ यापेक्षा ‘युद्धाची दिशा बदलली, पोलंड दुय्यम भागीदार झाला’ हे चित्र मला जास्त पटतं.

जितकं उशिराचं वळण निवडाल, तितकं हाती कमी लागतं. हल्ला २६ ऑगस्टला ठरला होता. २५ ला ब्रिटन-पोलंड करार झाला, मुसोलिनीचाही ‘आमची तयारी नाही’ असा निरोप आला, आणि हल्ला थांबवला गेला. याब्लुंकोव्ह खिंडीतल्या एका तुकडीला हे वेळेत कळलंच नाही, तिने हल्ला करूनही टाकला! एवढं होऊन मिळाले सहा दिवस.

आणि साखळी फार लांबवू नका. १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या, तिथली असंख्य कुटुंबं पुढे सैबेरिया-कझाकस्तानात धाडली गेली आणि त्यांतले सुमारे पाच हजार लोक १९४३ पासून आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. समझोता झाला असता तर वळिवडे छावणी नसती, असं म्हणायचा मोह होतो. पण जर्मनीचा भागीदार झालेला पोलंड सोव्हिएत संघाशी लढला असता, तर पूर्व पोलंडचीच रणभूमी झाली असती. तिथून कोण कुठे फेकलं गेलं असतं, हे सांगायला आपल्या हाती एकही कागद नाही.