बोलणे आणि प्रसंग

चिखलीच्या कोणत्याही घरातून पाहुणा निघाला म्हणजे उंबऱ्याशी थांबून तो "येतो" असे म्हणतो. जाणारा माणूस "जातो" म्हणत नाही. दुकानदार रात्री दुकान वाढवतो, म्हणजे बंद करतो. सवाशिणीच्या हातातील बांगडी फुटली तर ती वाढली असे म्हणतात. परभाषी माणसाने कोश उघडून हे शब्द लावले, तर त्याचा घोटाळा ठरलेला. घरातल्या लहान पोराला मात्र हे अर्थ समजावून सांगावे लागत नाहीत. कारण कोण, कोणास, कोठे आणि कशासाठी बोलले, हे त्याच्या डोळ्यांसमोर असते.

हे समोरासमोरच्या बोलण्याचे झाले. पण बोलणारा निघून गेला, ऐकणारेही गेले आणि शब्द तेवढे मागे उरले, म्हणजे काय करावे? हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातील काही माणसांपुढे उभा राहिला होता. त्यांनी तो कसा सोडविला, हे येथे सांगावे असा आमचा हेतू आहे.

तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी ह्या मुलखात फिरत होते. शेजारच्या मेहकरला आणि लोणारला त्यांचे वास्तव्य झाल्याचे लीळाचरित्रात आहे. स्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते बोलले, आणि बोलले तेही लोकांच्या मराठीत, जेवताना, वाटेने चालताना, कोणी काही विचारले म्हणून. ते गेल्यावर रिद्धपूर येथे नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात म्हाइंभटांनी ज्याने त्याने पाहिलेल्या ऐकलेल्या आठवणी मिळविल्या आणि इ. स. १२७८च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. एकाच प्रसंगाच्या दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दुसरी आठवणही सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवावी, एवढा प्रामाणिकपणा त्या ग्रंथात आहे.

पुढे केशोबासांनी ह्या लीळांतून स्वामींची वचने वेगळी काढली. तोच सूत्रपाठ. अनुयायांना वचने पाठ करावयाची होती, तेव्हा हे सोयीचेच झाले. परंतु वेगळे काढलेले वचन एकटे पडले. ते कोणाला सांगितले, रागावून की समजावून, हे त्यावरून कळेना. म्हणून पंथातील अभ्यासकांनी 'प्रकरणवश' नावाची टीका रचली. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले, हे सांगणे एवढेच तिचे काम. जी माणसे त्या वचनांना ईश्वराची वाणी मानीत होती, त्यांनाच प्रसंगाची गरज सर्वांहून अधिक वाटली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

एक उदाहरण घेऊ. अनुयायांनी महाराष्ट्रात राहावे, अशी स्वामींची आज्ञा प्रसिद्ध आहे. चिखलीने राज्यांची अदलाबदल पुष्कळ पाहिली. १८५३ साली निजामाचा वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेला, १९०३ साली मध्यप्रांताला जोडला गेला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. एवढे पाहिलेल्या माणसाच्या कानी ही आज्ञा पडली म्हणजे ती प्रांताभिमानाची घोषणाच वाटावी, यात नवल नाही. व्यासपीठावर ती तशीच उच्चारली जाते.

मूळचा संदर्भ मात्र निराळा आहे. ही आज्ञा आचाराच्या प्रकरणातली असून ती भिक्षेवर जगणाऱ्या विरक्तांना केलेली आहे. कन्नड व तेलंग देशांत जाऊ नये, असे तेथेच सांगितले आहे. आणि कारण दिले आहे ते हे की, ते देश विषयांनी भरलेले असून तेथे अज्ञानी माणसालाही मान मिळतो. साधकाला सुखापासून व मानापासून जपावयाचे, हा त्यातला हेतू. शत्रू, सीमा आणि सत्ता यांचा तेथे मागमूस नाही. पुढे हाच पंथ मराठी ग्रंथ घेऊन पंजाबात आणि पार काबूलपर्यंत गेला. तेव्हा मराठी मुलखाबाहेर पाऊल टाकूच नये, असा तिचा अर्थ पंथानेही कायमचा धरला नाही.

महाराष्ट्राचा अभिमान बाळगू नये, असे आमचे म्हणणे नाही. तो आम्हांसही आहे. पण त्या अभिमानासाठी साक्षीला आणलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, एवढेच.

हा उलगडा करावयास मूळ ग्रंथ हाती यावे लागले, आणि ते शतकानुशतके सांकेतिक लिपीत बंद होते. विसाव्या शतकात ते उजेडात आले. नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी लीळाचरित्र छापले. त्यानंतर ह्याच बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते यांनी महानुभाव वाङ्मयासाठी उभे आयुष्य वेचले. त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले. आज वचनाचा प्रसंग शोधू पाहणाऱ्याला त्यामुळे निमित्त सांगावयास जागा राहिलेली नाही.

हे शिक्षण केवळ पंडितांसाठी नव्हे. भावाभावांत भांडण लागते ते पुष्कळदा एका वाक्यावरून, आणि ते वाक्य तिसऱ्याने आणून पोचविलेले असते. गावच्या सभेत एकाचे अर्धे बोलणे दुसऱ्या दिवशी बाजारात पसरते, आणि माणूस जन्माचा उणा ठरतो. अशा वेळी शब्द खरे असतात. ते कोणी खोटे रचलेले नसतात. नाहीसा झालेला असतो तो प्रसंग. म्हणून कोणी काही सांगत आला, तर "तो काय म्हणाला" एवढे विचारून थांबू नये. "तो कोणाला म्हणाला, आणि त्याआधी काय झाले होते" हेही विचारावे, आणि मगच त्या माणसाविषयी आपले मत करावे.