पोलादातली भेग, पोटातली गाठ

२१ जुलै १९५५ रोजी ग्लासगोजवळच्या रेन्फ्रू या गावी एका बॉयलरच्या कारखान्यासमोर दोन मोटारी येऊन थांबल्या. त्यांच्या डिकींमध्ये शस्त्रक्रिया करून काढलेल्या गाठी होत्या : गर्भाशयातले फायब्रॉइड, अंडाशयातल्या पाण्याने भरलेल्या सिस्ट. घेऊन आले होते ग्लासगो विद्यापीठातले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड. बॅबकॉक अँड विल्कॉक्स या कंपनीच्या एका संचालकाच्या पत्नीवर त्यांनी उपचार केले होते आणि त्या ओळखीतून ही भेट ठरली होती. तुलनेसाठी म्हणून कारखान्यानेही मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता.

आज सोनोग्राफी म्हटले की पोटावर लावलेला थंडगार जेल आणि अंधाऱ्या खोलीतला पडदा आठवतो. या यंत्राची सुरुवात मात्र दवाखान्यात झालेली नाही. बॉयलरच्या जाड पत्र्यात किंवा वेल्डिंगच्या जोडात आतल्या आत भेग राहिली, तर वाफेच्या दाबाने ती कधी फुटेल सांगता येत नाही. ती भेग शोधण्यासाठी कारखान्यात एक उपकरण होते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी १९४०च्या सुमारास ही जातकुळी तयार केली. धातूत ध्वनीचा अगदी अल्प ठोका सोडायचा आणि प्रतिध्वनी कधी परत येतो ते पडद्यावर पाहायचे. पत्रा निर्दोष असेल तर पलीकडच्या कडेवरून एकच प्रतिध्वनी येतो. मध्येच दुसरा आला तर तिथे भेग आहे.

डोनाल्ड यांनी तेच गाठींवर करून पाहिले. पाण्याच्या गाठीतून ध्वनी सरळ आरपार गेला आणि फक्त पलीकडच्या भिंतीवरून परतला. भरीव फायब्रॉइडमध्ये मात्र वाटेत जागोजागी लहानसहान प्रतिध्वनी उठले आणि क्षीण होत गेले. पोट न उघडता या दोन गाठींतला फरक सांगता येईल, हे त्या दुपारी कळले.

इथे थोडे मागे जायला हवे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडच्या ध्वनीला आपल्या विश्वकोशाने ‘श्राव्यातीत’ हा नेमका शब्द दिला आहे. सोनोग्राफीत वापरला जाणारा ध्वनी त्याच्याही फार वरचा, सेकंदाला वीस लाखांपासून दीड कोटी कंपनांपर्यंतचा. तो काढायचे आणि ऐकायचे साधन म्हणजे दाबविद्युत् स्फटिक. स्फटिक दाबला की त्यात वीज निर्माण होते, हे १८८० साली पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी दाखवले. उलट, वीज दिली की तो स्फटिक थरथरतो. म्हणजे तोंड आणि कान एकच. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी या गुणाचा उपयोग केला.

शरीराच्या मऊ भागातून ध्वनी सेकंदाला सरासरी १५४० मीटर वेगाने जातो. म्हणजे दहा सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा सुमारे साडेसात हजारावा भाग लागतो. यंत्र हा वेळ मोजते, वेळेवरून अंतर काढते आणि त्या अंतरावर एक ठिपका ठेवते. हे छायाचित्र नव्हे, लाखो प्रतिध्वनींवरून काढलेले अनुमान आहे. हवेच्या थराशी बहुतेक सगळा ध्वनी परत फिरतो, म्हणून त्वचा आणि यंत्र यांच्यामध्ये जेल लागतो. डोनाल्ड ऑलिव्ह तेल वापरत. तपासणीआधी भरपूर पाणी पिऊन थांबायला सांगतात, तेही डोनाल्ड यांनीच रुळवले. भरलेले मूत्राशय वायूने फुगलेली आतडी बाजूला सारते आणि स्वतः खिडकीसारखे काम करते. बाहेर बाकावर अवघडून बसलेल्या कित्येक बायकांना हे कारण कोणी सांगितलेले नसते.

अनुमान चुकू शकते, याचा धडा डोनाल्ड यांच्या आधीच मिळाला होता. व्हिएन्नाचे कार्ल डुसिक यांनी १९४२ साली डोक्यातून श्राव्यातीत ध्वनी आरपार सोडून मेंदूतल्या पोकळ्यांची चित्रे मिळवल्याचे जाहीर केले. दहा वर्षांनी लक्षात आले की त्या आकृत्या बहुतांशी कवटीच्या हाडाने ध्वनी अडवल्यामुळे उमटल्या होत्या. पाणी भरलेल्या रिकाम्या कवटीतूनही तशाच आकृत्या येत. या प्रकरणामुळे अनेक डॉक्टरांचे या विषयाबद्दलचे मत कलुषित झाले. स्वीडनमधल्या लुंड इथे मात्र इंगे एडलर आणि हेल्मुट हेर्ट्झ यांनी १९५३ साली धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. त्यांचा पहिला प्रयोगही माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यातल्या यंत्रावर झाला होता. आजची इकोची तपासणी तिथून आली. ज्यांच्या आडनावावरून कंपनसंख्येचे एकक पडले ते हाइनरिश हेर्ट्झ याच घराण्यातले, ही गंमत जाता जाता.

ग्लासगोत गाडी पुढे सरकली ती टॉम ब्राऊन या तरुण अभियंत्यामुळे. केल्व्हिन अँड ह्यूज कंपनीत काम करणाऱ्या ब्राऊन यांच्या कानावर आले की एक प्राध्यापक आपल्याच कंपनीचे भेग शोधण्याचे यंत्र माणसांवर वापरतो आहे. त्यांनी स्वतःहून डोनाल्ड यांना फोन केला. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. नुसत्या टेकड्याटेकड्यांच्या आलेखाऐवजी शरीराचा आडवा छेद पडद्यावर दाखवणारे यंत्र त्यांनी बांधले. डोनाल्ड यांचे नाव सगळीकडे येते, ब्राऊन यांचे क्वचित. माझ्या मते हा अन्याय आहे.

मग ती प्रसिद्ध रुग्ण आली. पोट फुगलेले, वजन झपाट्याने उतरलेले. शल्यचिकित्सकांनी जठराचा कर्करोग, तोही शेवटच्या टप्प्यातला, असे निदान करून आशा सोडली होती. डोनाल्ड यांनी तिच्या पोटावर यंत्र धरले. पोटात पाणी मोकळे साठले असते तर प्रतिध्वनी ज्या तऱ्हेने यायला हवे होते, तसे ते येत नव्हते. दिसत होती ती एका मोठ्या सिस्टची स्वच्छ कड. शस्त्रक्रियेत अंडाशयातली साधी गाठ निघाली आणि बाई बरी झाली. यंत्राकडे बघून हसणारे सहकारी त्यानंतर आपले रुग्ण पाठवू लागले. ७ जून १९५८च्या ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि ब्राऊन यांचा शोधनिबंध आला. त्यात गाठींबरोबर गर्भाचीही चित्रे होती.

वेळही अचूक जुळून आली होती. तोवर गर्भवतीचा एक्स-रे काढणे सर्रास चाले. ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी १९५६ आणि १९५८ साली दाखवून दिले की ज्या बाळांच्या आयांचे गरोदरपणात एक्स-रे काढले गेले, त्या बाळांमध्ये पुढे कर्करोगाचे प्रमाण जास्त आहे. वैद्यकविश्वाला हे पचायला बरीच वर्षे लागली, पण गर्भाकडे बघण्याचा दुसरा मार्ग हवा होता आणि तो नेमका तयार होता. जुळी आहेत का, वार खाली सरकली आहे का, डोक्याची वाढ महिन्याप्रमाणे आहे का, हे बाळंतपणाआधी कळू लागले. किती बाळंतिणी यामुळे वाचल्या याची मोजदाद होणे कठीण.

डोनाल्ड स्वतः धार्मिक वृत्तीचे होते. ब्रिटनमध्ये १९६७ साली गर्भपाताचा कायदा झाला, त्याला त्यांनी जाहीर विरोध केला. हलणारा गर्भ पडद्यावर पाहिला की आईचे मन बदलेल, असा त्यांचा विश्वास होता. त्यांची भूमिका मला पटत नाही, पण तिच्यात एक गृहीत आहे ते लक्षात घ्यावे : पडदा बाईला दिसेल आणि निर्णय ती घेईल. १९८७ साली डोनाल्ड वारले. पुढच्याच वर्षी, १९८८ साली, महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा केला.

तोवर इथे लिंगनिदान मुख्यतः गर्भजल परीक्षेने, म्हणजे पोटात सुई घालून होत असे. मुंबईतल्या स्त्री-चळवळीने आणि काही डॉक्टरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, त्यातून हा कायदा आला. नंतर सोनोग्राफी स्वस्त झाली, तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आणि सुईची गरज उरली नाही. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला, १९९६ साली लागू झाला आणि कागदावर राहिला. २००० साली ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा यंत्रणा हलली. २००३ साली कायदा कडक झाला. आकडे मात्र उतरतच होते. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात २०११ साली ८०७.

हा कायदा एका वाक्यावर बंदी घालतो. मुलगा की मुलगी हे शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगायचे नाही. ‘खुणांनी’ हा शब्द उगाच आलेला नाही; पेढा की जिलेबी एवढे म्हटले तरी ऐकणाऱ्याला पुरते. एका वाक्याचा पुरावा मिळवणे जवळजवळ अशक्य, म्हणून कायद्याने कागद धरला. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा एफ फॉर्म भरायचा. त्यात त्रुटी असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत तो कायद्याचा भंग. लेखनिकाच्या चुकीसाठी आम्हाला गुन्हेगार ठरवता, अशी डॉक्टरांच्या संघटनांची तक्रार होती. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, पण कागद सोडला तर हातात काहीच उरत नाही, हेही खरे.

किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ब्रिटनमध्ये प्रशिक्षित सुईणीही सोनोग्राफी करतात. आपल्याकडे यंत्र नोंदणीकृत जागेशी आणि पात्र डॉक्टरशी बांधलेले आहे. पिशवीत मावणारे छोटे यंत्र असले, तरी मेळघाटातल्या पाड्यावरची नर्स ते घेऊन जाऊ शकत नाही.

एफ फॉर्मवर गर्भवतीचे एक प्रतिज्ञापत्र असते : मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही. त्याखाली डॉक्टरांचे : मी ते कोणालाही सांगितलेले नाही. बाईला सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. मात्र तो अंगठा तिचाच, अशी ओळख पटवणाऱ्याची सही लागते आणि त्या व्यक्तीचे बाईशी नाते काय, तेही लिहावे लागते. ती व्यक्ती बहुधा बाहेर बाकावर बसलेल्यांपैकीच असते. सासू, नाहीतर नवरा.